विश्लेषण : शस्त्रक्रिया यशस्वी, पण रुग्णांचे काय झाले? थायरॉइडचे कोडे उलगडणारे थिओडोर कोखर कोण होते?

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी, रिकाम्या पोटी एक छोटी गोळी आणि मग अर्धा-पाऊण तास काही खायचे नाही. थायरॉइडची गोळी घेणारी व्यक्ती आज घरात नाही तर शेजारी हमखास सापडते. पण गळ्यातली ही छोटीशी ग्रंथी शरीरात नेमके काय करते, हे दीडशे वर्षांपूर्वी कोणालाच ठाऊक नव्हते. ते समजण्यात स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातील एका शल्यविशारदाचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव थिओडोर कोखर. ते त्या काळातील गळ्याच्या शस्त्रक्रियेचे सर्वात निष्णात डॉक्टर होते आणि त्यांच्या हातून झालेली चूकही तितकीच मोठी होती. ही चूक त्यांनी कशी शोधली, जगासमोर कशी मांडली आणि त्यातून संप्रेरकांच्या विकारांचे शास्त्र कसे पुढे गेले, याचा हा आढावा.

कोखर घडले कसे?

एमिल थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्न येथे झाला. आईच्या धार्मिक वृत्तीचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. शिस्त, टापटीप आणि कामातला काटेकोरपणा हे गुण त्यांच्यात लहानपणापासून होते आणि ते अखेरपर्यंत टिकले. बर्न विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केल्यावर ते युरोपातील नामवंत शल्यविशारदांचे काम पाहायला बाहेर पडले. थिओडोर बिलरोथ आणि बर्नहार्ड फॉन लांगेनबेक ही त्या काळातील शस्त्रक्रियेतील सर्वात मोठी नावे. त्यांचे काम कोखर यांनी जवळून पाहिले.

१८७२ मध्ये बर्न विद्यापीठातील शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. प्राध्यापक मंडळाची पसंती बाहेरच्या एका अनुभवी शल्यविशारदाला होती. विद्यार्थी आणि सहायक डॉक्टर मात्र कोखर यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर बर्नच्या सरकारने कोखर यांच्या नावावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा ते अवघ्या ३० वर्षांचे होते. पुढची ४५ वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते याच पदावर राहिले. मोठ्या विद्यापीठांची निमंत्रणे येऊनही त्यांनी बर्न सोडले नाही.

गलगंड हा स्वित्झर्लंडचा एवढा मोठा प्रश्न का होता?

कोखर ज्या प्रदेशात काम करत होते, तिथे गलगंड घरोघरी होता. गलगंड म्हणजे थायरॉइड ग्रंथी फुगून गळ्यावर येणारी गाठ. ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी बसलेली असते. निरोगी माणसात तिचे वजन १५ ते २५ ग्रॅमच्या आसपास असते. आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत मात्र लिंबाएवढ्या गाठीपासून छातीपर्यंत लोंबणाऱ्या गाठीपर्यंत सगळे प्रकार दिसत. गाठ फार वाढली की श्वासनलिका दाबली जाई आणि रुग्ण गुदमरे. अनेक तरुण गलगंडामुळे लष्करी भरतीत नापास होत. याच खोऱ्यांत जन्मतः बुद्धी आणि वाढ खुंटलेली, अनेकदा मूकबधिर असलेली मुलेही मोठ्या संख्येने होती. या अवस्थेला क्रेटिनिझम म्हणत.

याचे मूळ जमिनीत होते. हिमयुगात हिमनद्यांनी आल्प्सच्या उतारांवरची माती खरवडून नेली आणि तिच्याबरोबर आयोडीनही वाहून गेले. जमिनीत आयोडीन नाही, म्हणून पिकात नाही. पिकात नाही, म्हणून दुधात आणि माणसाच्या पोटात नाही. थायरॉइडला तिचे संप्रेरक बनवायला आयोडीन लागते. ते मिळाले नाही की ग्रंथी अधिकाधिक फुगते आणि रक्तातून जेवढे मिळेल तेवढे आयोडीन ओढून घ्यायचा प्रयत्न करते. आज हे शाळेच्या पुस्तकात वाचायला मिळते. कोखर यांच्या तरुणपणी आयोडीनचा आणि गलगंडाचा संबंध काही शास्त्रज्ञांनी सुचवला होता, पण तो सर्वमान्य नव्हता.

गळ्यावर चाकू लावणे एवढे जीवघेणे का होते?

थायरॉइड ग्रंथीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. फुगलेल्या ग्रंथीवरच्या रक्तवाहिन्याही फुगलेल्या असतात. एखादी वाहिनी चुकून कापली गेली तर काही मिनिटांत रुग्ण हातचा जाई. वाचलाच तर जखमेत जंतुसंसर्ग होई. शिवाय ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला की आवाज कायमचा बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा शस्त्रक्रियांत १०० पैकी सुमारे ४० रुग्ण दगावत. फ्रान्सच्या वैद्यकीय अकादमीने १८५० मध्ये या शस्त्रक्रियेविरुद्ध मत दिले होते. बरेच नावाजलेले शल्यविशारदही तिला हात लावायला तयार नसत.

कोखर यांनी काय वेगळे केले?

त्यांनी घाई सोडली. भूल देण्याची सोय नसलेल्या काळात शल्यविशारदाचे कौशल्य त्याच्या वेगावर मोजले जाई आणि ती सवय भूल आल्यानंतरही टिकून होती. कोखर संथपणे, थर उलगडत काम करत. प्रत्येक रक्तवाहिनी कापण्याआधी दोन्ही बाजूंनी चिमट्याने पकडायची, मग कापायची, मग बांधायची, हा त्यांचा नियम होता. यासाठी त्यांनी टोकाला दात असलेला चिमटा तयार केला. कोखर फोर्सेप्स या नावाने तो आजही आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये वापरला जातो. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशकाची पद्धत त्यांनी लवकर स्वीकारली आणि पुढे सगळी हत्यारे, कपडे, धागे आधीच निर्जंतुक करण्यावर भर दिला. गळ्यावरचा छेद त्वचेच्या नैसर्गिक घडीतून, कॉलरसारखा आडवा घेण्याची त्यांची पद्धतही रूढ झाली.

परिणाम आकड्यांत दिसू लागला. १८८३ पर्यंतच्या त्यांच्या १०१ शस्त्रक्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले होते. पुढच्या दशकांत ते आणखी उतरत एक टक्क्याच्याही खाली गेले. ज्या शस्त्रक्रियेला डॉक्टर घाबरत होते, ती आता बर्नमध्ये रोजची झाली. युरोप-अमेरिकेतील शल्यविशारद ती पाहायला बर्नला येऊ लागले.

मग चुकले कुठे?

जानेवारी १८७४ मध्ये कोखर यांनी ११ वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली. तिचा गलगंड त्यांनी पूर्णपणे, म्हणजे सगळ्या थायरॉइड ग्रंथीसह काढून टाकला. त्या वेळच्या समजुतीनुसार यात काही वावगे नव्हते. थायरॉइड कशासाठी असते हे माहीत नव्हते. सतराव्या शतकात या ग्रंथीला नाव देणाऱ्या थॉमस व्हार्टन यांनी तर गळ्याला गोलाई देणे हेही तिचे एक काम मानले होते. अर्धी ग्रंथी ठेवली तर गाठ पुन्हा वाढण्याची भीती होती. तेव्हा पूर्ण काढून टाकणे हाच नीट उपचार, असे कोखर यांना वाटत होते. मुलीची जखम भरली, ती घरी गेली. शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून नोंदली गेली.

काही काळाने तिला कोखर यांच्याकडे पाठवणारे डॉक्टर ऑगस्ट फेत्शेरिन यांनी कळवले की मुलगी बदलली आहे. आधी चुणचुणीत आणि हसरी असलेली ती आता मंद, सुस्त आणि चिडचिडी झाली होती. कोखर यांनी या निरोपाला फार महत्त्व दिले नाही. एका मुलीच्या स्वभावातला बदल गळ्यावरच्या शस्त्रक्रियेमुळे झाला असेल, असे त्यांच्या मनात येण्याचे कारणही नव्हते. पुढची आठ वर्षे ते अशाच शस्त्रक्रिया करत राहिले.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हात भरलेल्या आरोग्यविषयक परिषदेत त्यांची गाठ तिथले शल्यविशारद जाक-लुई रेव्हर्डिन यांच्याशी पडली. पूर्ण थायरॉइड काढलेल्या आपल्या काही रुग्णांत अशक्तपणा आणि बौद्धिक मंदपणा दिसतो आहे, असे रेव्हर्डिन यांनी त्यांना सांगितले. त्या मुलीबद्दलच्या जुन्या निरोपाचा अर्थ आता वेगळा लागू लागला.

रुग्णांना परत बोलावल्यावर काय दिसले?

बर्नला परतल्यावर कोखर यांनी एक गोष्ट केली, जी त्या काळात फारसे कोणी करत नसे. थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या जुन्या रुग्णांना त्यांनी तपासणीसाठी पुन्हा बोलावले. ग्रंथीचा काही भाग शिल्लक ठेवलेले रुग्ण बहुतेक ठणठणीत होते. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी १८ जणांची त्यांना पुन्हा तपासणी करता आली. त्यांतल्या १६ जणांची प्रकृती कमी-अधिक ढासळलेली होती.

लक्षणे जवळजवळ सारखी होती. हातपाय जड, अंग थंड, चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, केस विरळ. बोलणे संथ झालेले, आठवण कमी झालेली, काम करायचा उत्साह गेलेला. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची उंचीही खुंटली होती. सर्वात बोलका पुरावा त्या मुलीचा होता. तिची आणि तिच्या धाकट्या बहिणीची शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नऊ वर्षांनंतरची छायाचित्रे वैद्यकीय इतिहासात प्रसिद्ध आहेत. पहिल्या छायाचित्रात मोठी बहीण मोठीच दिसते. दुसऱ्यात धाकटी पूर्ण वाढलेली तरुणी झाली आहे आणि तिच्याशेजारी उभी असलेली थोरली मुलासारखी बुटकी, सुजलेल्या चेहऱ्याची राहिली आहे.

मृत्यूच्या आकड्यांत ही मुलगी कुठेच नव्हती. टेबलावर ती वाचली होती, टाके सुकले होते, रुग्णालयाच्या वहीत ती यशाच्या रकान्यात होती. ती वही तिथेच बंद केली असती तर कोखर यांची आकडेवारी निर्दोषच राहिली असती.

बर्लिनमध्ये त्यांनी काय सांगितले?

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांची वार्षिक परिषद भरली. तिथे कोखर यांनी आपल्या शंभरावर शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. मृत्यू कसे घटले हे तर सांगितलेच, पण पूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, तेही सांगितले. या अवस्थेला त्यांनी कॅकेक्सिया स्ट्रुमिप्रिव्हा असे लॅटिन नाव दिले. गलगंड काढल्यामुळे येणारी क्षीणता, असा त्याचा साधा अर्थ. साध्या गलगंडासाठी संपूर्ण थायरॉइड काढणे त्यांनी थांबवले आणि इतरांनाही त्यापासून सावध केले. त्यानंतर ग्रंथीचा काही भाग मागे ठेवणे हा शस्त्रक्रियेचा नियम झाला.

आपल्या नावावर प्रतिष्ठा जमू लागली असताना, त्याच क्षेत्रातल्या स्पर्धकांसमोर, आपल्या हातून रुग्णांचे नुकसान झाल्याचे सांगणे सोपे नव्हते. मात्र कारण सांगताना कोखर चुकले. ग्रंथीला जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधल्याने श्वासनलिका कमकुवत होते, रुग्णाला पुरेशी हवा मिळत नाही आणि त्यामुळे तो क्षीण होतो, असा त्यांचा अंदाज होता. ग्रंथी रक्तात एखादा पदार्थ सोडत असेल, ही कल्पना त्यांना तेव्हा पटली नव्हती. तरीही त्याच वर्षी त्यांनी अशा एका रुग्णाच्या शरीरात थायरॉइडचा तुकडा बसवून पाहिला. गेलेली ग्रंथी परत देता येते का, हे तपासण्याचा तो प्रयत्न होता. वैद्यकीय इतिहासाचे काही अभ्यासक त्याला आधुनिक अवयव प्रत्यारोपणाची सुरुवात मानतात.

कौशल्यच रुग्णांना कसे भोवले?

या कथेतला सर्वात चटका लावणारा भाग अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी टिपला. व्हिएन्नात बिलरोथ हेही गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत. त्यांच्या रुग्णांत कोखर यांच्या रुग्णांसारखी क्षीणता क्वचितच दिसे. पण त्यांच्या काही रुग्णांना हातापायांत जोरदार पेटके येत, त्याला टेटनी म्हणतात. दोघेही एकच शस्त्रक्रिया करत असताना परिणाम वेगळे का?

हॅल्स्टेड यांनी दोघांचे काम पाहिले होते. बिलरोथ वेगाने काम करत. त्यामुळे थायरॉइडचे काही तुकडे मागे राहत आणि तेवढ्यावर रुग्णाचे भागत असे. पण घाईत ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या चार उपथायरॉइड ग्रंथी कापल्या जात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटे. या ग्रंथी रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. त्या गेल्या की कॅल्शियम घसरते आणि पेटके येतात. कोखर मात्र संथ, स्वच्छ, जवळजवळ रक्तहीन शस्त्रक्रिया करत. त्यामुळे मागच्या छोट्या ग्रंथी सुरक्षित राहत आणि थायरॉइड मात्र कणभरही न उरता निघे. त्यांचा हात एवढा नेटका नसता, तर त्यांच्या रुग्णांचे एवढे नुकसान झाले नसते. दोन मोठ्या शल्यविशारदांच्या सवयींतून दोन वेगवेगळ्या ग्रंथींची कामे अशी वेगळी ओळखू आली.

श्रेयाचा वाद काय होता?

कोखर यांची बाजू इथे थोडी लंगडी पडते. रेव्हर्डिन यांनी आपली निरीक्षणे सप्टेंबर १८८२ मध्येच जिनिव्हाच्या वैद्यकीय मंडळात मांडली होती. पुढच्या वर्षी त्यांनी चुलतभाऊ ऑग्युस्त यांच्यासह सविस्तर लेखही प्रसिद्ध केला. कोखर यांचे बर्लिनचे भाषण गाजले आणि शोध त्यांच्या नावावर चढला. आपल्याला पुरेसे श्रेय दिले गेले नाही, अशी रेव्हर्डिन यांची तक्रार होती आणि दोघांत बराच काळ कटुता राहिली. आज इतिहासकार पहिल्या निरीक्षणाचा मान रेव्हर्डिन यांना देतात. मोठ्या संख्येने रुग्ण पुन्हा तपासून तो संबंध ठामपणे दाखवण्याचे काम कोखर यांचे. गावातून निरोप पाठवणारे फेत्शेरिन मात्र दोघांच्याही आधी बोलले होते.

थायरॉइडचे काम अखेर कसे कळले?

धागे इंग्लंडमध्ये जुळले. तिथे प्रौढ स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या एका विकाराचे वर्णन विल्यम गल यांनी १८७३ मध्ये केले होते. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्याला मिक्सिडीमा हे नाव दिले. सुजलेला चेहरा, कोरडी कातडी, मंद हालचाल ही सगळी लक्षणे कोखर यांच्या रुग्णांसारखीच. १८८३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनचे डॉक्टर फेलिक्स सेमन यांनी मिक्सिडीमा, क्रेटिनिझम आणि कोखर यांच्या रुग्णांची क्षीणता या तिन्हींचे मूळ एकच असावे, ते म्हणजे थायरॉइडचा अभाव, असे सुचवले. चौकशीसाठी समिती नेमली गेली. व्हिक्टर हॉर्सली यांनी माकडांची थायरॉइड काढून तशीच लक्षणे निर्माण होतात हे दाखवले. १८८८ मध्ये समितीचा अहवाल आला आणि सेमन यांचे म्हणणे बरोबर ठरले. कोखर यांनीही श्वासनलिकेचा आपला सिद्धान्त पुढे सोडून दिला.

आज आपल्याला हे चित्र स्पष्ट दिसते. थायरॉइड दोन मुख्य संप्रेरके बनवते. थायरॉक्सिन म्हणजे टी-४ या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि टी-३ मध्ये तीन. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीचा इंधन जाळण्याचा वेग ही संप्रेरके ठरवतात. हृदयाची गती, शरीराची ऊब, मुलांची उंची आणि मेंदूची वाढ त्यांच्यावर अवलंबून असते. नियंत्रणाची व्यवस्था घरातल्या गिझरच्या थर्मोस्टॅटसारखी आहे. रक्तातले संप्रेरक कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडते आणि थायरॉइडला कामाला लावते. संप्रेरक पुरेसे झाले की टीएसएच उतरते. म्हणूनच रक्ताच्या अहवालात टीएसएच वाढलेले दिसले, तर बहुतेकदा थायरॉइड मंदावलेली असते. आयोडीन नसेल तर टीएसएचचा तगादा चालूच राहतो, ग्रंथी फुगत जाते आणि गलगंड होतो.

उपचार कधी सापडला?

१८९१ मध्ये न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क मिक्सिडीमाच्या ४६ वर्षांच्या एका महिलेला टोचला. काही महिन्यांत तिची सूज उतरली, बोलणे आणि चालणे सुधारले. ती आणखी २८ वर्षे जगली. पुढच्याच वर्षी हा उपचार तोंडावाटेही लागू पडतो, हे इतर डॉक्टरांनी दाखवले. १८९५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना थायरॉइडमध्ये आयोडीन सापडले. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. १९२० च्या दशकात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना शोधून ते प्रयोगशाळेत बनवले. संप्रेरक कमी पडले तर तेच बाहेरून द्यायचे, ही आजच्या उपचाराची साधी कल्पना अशी इथे पहिल्यांदा सिद्ध झाली. इन्सुलिनचा शोध त्यानंतर तीस वर्षांनी लागला. संप्रेरकासाठी हॉर्मोन हा शब्दही अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला, म्हणजे मरे यांच्या इंजेक्शननंतर १४ वर्षांनी.

नोबेल आणि नंतरची वर्षे

१९०९ मध्ये थायरॉइडचे शरीरातील कार्य, तिचे विकार आणि तिच्यावरील शस्त्रक्रिया यांतील कामासाठी कोखर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. १९१२ पर्यंत त्यांच्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियांची संख्या पाच हजारांवर गेली होती. त्याच सुमारास त्यांनी बर्न विद्यापीठाला मोठी देणगी दिली. त्यातून उभी राहिलेली संशोधन संस्था आजही त्यांच्या नावाने चालते. १९१३ मध्ये रशियातून निर्वासित झालेले लेनिन आपल्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांना घेऊन बर्नला आले. क्रुप्स्काया यांच्या थायरॉइडवर कोखर यांनीच शस्त्रक्रिया केली.

त्यांच्या शिष्यवर्गातले एक नाव या विषयाच्या पुढच्या प्रवासासाठी महत्त्वाचे आहे. अमेरिकेचे हार्वे कुशिंग १९०० मध्ये बर्नला येऊन संशोधन करून गेले. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक ठरलेल्या कुशिंग यांनी पिट्युटरी ग्रंथीचे विकार उलगडले. कुशिंग सिंड्रोम हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

कोखर यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले, असे नाही. जास्त आयोडीन दिल्यास काही रुग्णांची थायरॉइड बेसुमार काम करू लागते, हा धोका त्यांनी १९१० मध्ये मांडला. निरीक्षण खरे होते, पण त्या धास्तीमुळे सर्वांना थोडे थोडे आयोडीन देण्याच्या कल्पनेला अनेकांचा विरोध टिकून राहिला. २३ जुलै १९१७ च्या संध्याकाळी ७५ वर्षांच्या कोखर यांना रुग्णालयातून तातडीचे बोलावणे आले. शस्त्रक्रिया त्यांनी पूर्ण केली, पण घरी परतल्यावर त्यांची प्रकृती बिघडली. २७ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात केली आणि काही दशकांत तिथला गलगंड जवळजवळ दिसेनासा झाला. ज्या आजाराने कोखर यांना हजारो रुग्ण दिले, तो चिमूटभर मिठाने आटोक्यात आला.

भारताशी याचा काय संबंध?

हिमालयाच्या पायथ्यालाही आल्प्ससारखीच स्थिती होती. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा मोठा प्रयोग केला. त्याच्या आधारे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे आयोडीनच्या कमतरतेचा प्रश्न डोंगराळ भागापुरता नाही, हे लक्षात आल्यावर सगळ्या देशासाठी मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण आले. थेट खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकण्यावर २००६ पासून देशभर बंदी आहे. नियमानुसार कारखान्यातून निघताना मिठात दशलक्ष भागांत किमान ३० भाग आणि ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. पाकिटावरचा हसरा सूर्य ही त्याची खूण.

कोकणच्या मिठागरातले खडे मीठ समुद्राचे आहे, म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असा एक समज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात पाणी आटवून केलेल्या मिठात ते नगण्य उरते. सैंधवाचेही तसेच. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. गरोदरपणी ही गरज वाढते, कारण बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. ७० वर्षांचा हिशेब केला तरी ते चार ग्रॅमच्या आत बसते, चहाचा एक चमचाभरही नाही.

कोखर आज का आठवायचे?

त्यांचा चिमटा, त्यांचा छेद, त्यांची शस्त्रक्रिया यांपैकी बरेच काही आज बदलले आहे. गरज असेल तेव्हा, विशेषतः कर्करोगात, डॉक्टर आता संपूर्ण थायरॉइड काढतात, कारण नंतर द्यायला गोळी हाताशी आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ठरावीक काळाने पुन्हा तपासायला बोलावणे हाही आता नित्याचा भाग झाला आहे. फॉलो-अपची तारीख चिठ्ठीवर लिहून मिळते आणि आपण अनेकदा ती चुकवतो. बर्नमध्ये अशी तारीख नव्हती, म्हणून नऊ वर्षे एका मुलीचे काय झाले हे तिच्या डॉक्टरांना कळले नाही. कोखर यांनी उशिरा का होईना तिला शोधले, तपासले आणि जे दिसले ते लपवले नाही. रोज सकाळच्या त्या गोळीमागे तिचाही वाटा आहे.